तरसासाठी लावलेलं कुलूप

त्यांना प्राणी आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कंपनीत आता त्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते प्राणीमित्र होते ना?" आणि माझं डोकं फिरतं. कसले प्राणीमित्र? डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघत आम्ही उभे असायचो, तेव्हा एखादं मरतुकडं कुत्रं नुसतं जवळून गेलं तरी हा धिप्पाड माणूस माझ्या पाठीमागे येऊन उभा राहायचा. वर मलाच विचारायचा, "गेलं का?"

चाकणच्या ज्या कंपनीत मी इंजिनिअर म्हणून लागले, तिथे ते सेफ्टी ऑफिसर होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही मोठमोठ्या प्रेसवर दाबून काढतो. मी उदगीरची, थेरगावात भाड्याच्या खोलीत राहायचे, आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पहिल्या दिवशी मी "गुड मॉर्निंग सर" म्हटलं, तर त्यांनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, "बूट?" मी सँडल घालून गेले होते. त्यांनी मला गेटवरूनच परत पाठवलं. पुढे कळलं की ही त्यांची रामरामाची रीतच होती. शिफ्टला येणाऱ्या प्रत्येकाला ते "बूट?" असं विचारत. पायात बूट दिसत असले तरी विचारत, आणि उत्तर आलं नाही तर सोडत नसत. पोरं त्यांच्या पाठीमागे एकमेकांना "बूट?" करून दात काढायची.

जिना उतरताना कठडा धरायचा हा नियम ते घरी पाळत, देवळातही पाळत. माझ्या लग्नाला आले ते नवऱ्यामुलाला भेटायच्या आधी मांडवामागचा जनरेटर बघायला गेले. त्याला अर्थिंग नव्हतं. मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात यांनी जनरेटर बंद करवला, आणि भटजींनी बिनमाइकची, घसा ताणून मंगलाष्टकं म्हटली. सासरची माणसं अजून तो किस्सा काढतात. हे मात्र पंगतीत वरण कालवत मला शांतपणे म्हणाले, "शॉक लागून नवरा गेला असता तर माइकचं काय केलं असतं?" अशा माणसाला जीव लावणं अवघड असतं, आणि कंपनीत कुणी फारसा लावलाही नाही.

पोपटाची गोष्ट तर सगळ्या बसने पाहिली. आमचा फिटर दत्ता, परभणीकडचा, तोंडाने फटकळ पण कामाला पक्का. एकदा संध्याकाळच्या बसमध्ये तो पोपटाचा पिंजरा घेऊन चढला. हे खिडकीकडे जमेल तेवढं सरकून बसले आणि म्हणाले, "हा देशी पोपट आहे. पाळणं गुन्हा आहे."

"साहेब, पोरीसाठी घेतलाय. तुमचं काय जायलंय त्यात?"

"माझं काही जात नाही. मला तर त्याची चोच बघूनच कसंतरी होतंय."

"मग कशाला मधी पडायले?"

"कायद्यात आहे म्हणून."

ड्रायव्हरने बस बाजूला घेतली, लोक कावले, दोघेही हटेनात. शेवटी दत्ताने पिंजरा त्यांच्या मांडीवर आदळला. डोक्यावर हेल्मेट, हात जमेल तेवढा लांब करून धरलेला पिंजरा, अशा थाटात हा माणूस रिक्षाने पक्षी सांभाळणाऱ्या केंद्रात गेला. दत्ता त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

त्यांचा खरा जीव एकाच वस्तूवर होता, लाल कुलपावर. प्रेस बिघडला की फिटरला दोन डायच्या, म्हणजे लोखंडी साच्यांच्या, मधे हात, कधीकधी अख्खं अंग घालावं लागतं. वरचा भाग चुकून खाली आला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आत जाणारा आधी मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं लाल कुलूप घालतो, स्वतःच्या फोटोचा टॅग अडकवतो आणि किल्ली खिशात टाकून कामाला लागतो. टॅगवर छापलेलं असतं, 'माणूस आत आहे.' ते कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही. सुपरवायझरने नाही आणि मालकानेही नाही. ज्याने लावलं तोच बाहेर येऊन काढणार. दुसऱ्याचं कुलूप जो कापेल तो त्याच दिवशी घरी, कायमचा.

हा नियम सगळ्याच कंपन्यांत भिंतीवर लावलेला असतो. आमच्याकडे तो पाळला जात होता, कारण हे होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका सुपरवायझरला घरी पाठवायला लावलं. त्याने कुलूप कापलं तेव्हा मशीनमध्ये कुणी नव्हतं, फिटर चहाला गेला होता. "अहो, आत कुणी नव्हतं," असं तो रडकुंडीला येऊन सांगत होता. हे म्हणाले, "ते तुम्हाला कापल्यावर कळलं." कुणी त्यांना या कुलपावरून छेडलं की एकच उत्तर ठरलेलं असे. "कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात, आणि मी अजून जिवंत आहे."

हे सगळं आज लिहायला बसले ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. बिबटे, तरस, लांडगे यांची नावं वन्यजीव कायद्याच्या यादीतून काढून टाका, फार लाड झाले, असे मेसेज तिथे सकाळपासून पडतायत, आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीय. उसाच्या गावात जिच्या लेकराला बिबट्याने ओढून नेलं त्या आईने हे म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. तिला पिंजरा मिळाला पाहिजे, रस्त्यावर दिवा मिळाला पाहिजे, हाक मारताच वनखात्याचा माणूस दारात आला पाहिजे. ज्यांनी तिला यातलं काही दिलं नाही तेच आता सगळा दोष कायद्यावर ढकलून मोकळे होतायत. पण लिफ्ट बंद पडली तर आरडाओरडा करणारी आमची आठव्या मजल्यावरची माणसं? यांचं कोणत्या बिबट्याने काय खाल्लं? यांना डोंगराच्या कुशीत प्लॉट पाहिजे आणि डोंगर रिकामा करून पाहिजे. मला याचा राग येतो, आणि तो आवरायची माझी बिलकूल इच्छा नाही. कायदा एकदा सोयीसाठी कापला की काय होतं ते मी पाहिलंय.

आमच्या शेडच्या मागे, जुन्या खाणीच्या कडेला, मुरमाचा एक उंचवटा होता. तिथे कंपनीला नवी शेड उभारायची होती. गेटवरचे वॉचमन मामा तिथल्याच जुन्या गावचे. कंपनी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्याच भावकीची होती. एका सकाळी ते आमच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "सायेब, मागं तरस हाय. बिळात पिल्लं बी हायती."

"तुम्ही पाहिलीत?"

"व्हय. आमच्या आज्याच्या येळंपासनं त्यांची हितंच वस्ती हाय. मेलेलं ढोर वढायचं, एवढंच त्येंचं काम. माणसाला काय करत न्हाईत."

हेल्मेट, गमबूट, हातमोजे असा सगळा साज चढवून हे बघायला निघाले. मीही गेले. नुकतं उजाडलं होतं. खांद्यात उंच, मागे उतरत गेलेली पाठ, अंगावर पट्टे, मानेवर विस्कटलेले केस. ती मादी आमच्याकडे बघत उभी होती आणि बिळाच्या तोंडाशी दोन काळपट नाकं दिसत होती. परत येताना यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "दिसायला फार वाईट आहे हो," एवढंच म्हणाले. आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी वनखात्याला फोन लावला.

वनखात्याचा माणूस आला, बघून गेला. पिल्लं आपल्या पायांनी बीळ सोडून जात नाहीत तोवर तिथे कशालाही हात लावायचा नाही, असं प्लांट हेडना तोंडावर सांगून गेला. प्लांट हेडनी त्याला चहा पाजला आणि तो गेटबाहेर पडताच ठेकेदाराला सांगितलं, जेसीबी घेऊन या, बाजूबाजूने सुरुवात करा. पण दुपारी ठेकेदाराचा माणूस धावत आला. जेसीबी सुरू होत नव्हता. बॅटरीच्या मेन स्विचला लाल कुलूप होतं आणि कुलपाला यांच्या फोटोचा टॅग लोंबत होता, 'माणूस आत आहे.'

लगेच मीटिंग बोलावली गेली.

"आत माणूस कुठे आहे?" प्लांट हेडनी विचारलं. "जनावर आहे."

"आत कोण आहे ते कुलूप विचारत नाही."

"अहो, जरा प्रॅक्टिकल व्हा. वाघ असता तर मीसुद्धा थांबलो असतो. तरस आहे ते. तुम्हाला तरी आवडतं का?"

"अजिबात नाही," हे म्हणाले. "आवडीवर ठेवलं असतं तर त्या यादीत मोर आणि हरीण एवढेच उरले असते. आणि आवडीवर ठेवलं असतं तर आतल्या फिटरसाठी तुम्ही किती वेळा लाइन बंद ठेवली असती, तेही मला माहीत आहे."

प्लांट हेड हसून "बघू" म्हणाले आणि मीटिंग संपली. पण ते कुलूप कापायची हिंमत त्या दिवशी कुणाची झाली नाही, दुसऱ्या दिवशीही झाली नाही. त्या सुपरवायझरची गत सगळ्यांनी पाहिली होती. शॉप फ्लोअरवर, कामगारांत, चेष्टेला मात्र ऊत आला. यांचं नाव 'तरसवाले' पडलं. दत्ता तर समोरच म्हणाला, "साहेब, माझा पोपट नेलात, आता तरस घेऊन बसा मांडीवर." यांनी त्याच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "बूट?"

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी बस गेटातून आत वळली तेव्हा मागचा उंचवटा जागेवर नव्हता. सपाट मुरूम होता आणि त्यावर रोलर फिरवलेला होता. बीळ नेमकं कुठे होतं ते फक्त वॉचमन मामांना सांगता आलं, आणि तेवढं सांगून ते तोंड फिरवून उभे राहिले. पिल्लं बाहेर निघालीच नव्हती. मादी निसटली असावी, कारण पुढचे काही दिवस सकाळी त्या सपाट मुरमावर तिच्या पंजांचे ठसे गोल गोल फिरलेले दिसायचे. नंतर तेही दिसेनासे झाले.

कापलेलं कुलूप जेसीबीच्या चाकाजवळ पडलं होतं. यांनी ते उचललं, टॅगवरची धूळ बाहीने पुसली आणि सरळ प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग होते.

"माझं कुलूप कोणी कापलं?"

"मी सांगितलं कापायला. विषय संपला."

"मग नियमाप्रमाणे तुम्ही आज घरी जा."

प्लांट हेड मनापासून हसले. तो हसण्याचा आवाज अजून आठवला की माझ्या मुठी वळतात.

"कुलूप कापलं गेलं की त्या दिवशी कुणीतरी घरी जातंच," हे म्हणाले. "नाही गेलं तर उद्यापासून या कुलपाला कुणी विचारणार नाही. तुम्ही जात नसाल तर मी जातो."

त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं, कठडा धरून जिना उतरले आणि गेटबाहेर पडले. लोक म्हणाले, नाटक आहे, उद्या येतील. मी बाथरूममध्ये जाऊन रागाने रडले, कारण मला माहीत होतं की ते येणार नाहीत. ते आले नाहीत. त्यांच्या जागी आलेला माणूस हसतमुख होता, सगळ्यांना आवडणारा होता, आणि त्याने कधीच कुणाला काही विचारलं नाही.

वनखात्याने गुन्हा नोंदवला, तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली, आणि तारखा सुरू झाल्या. कंपनीचं म्हणणं असं की बीळ रिकामं होतं, कुलूपबिलूप काही नव्हतं, जेसीबीवाल्याने परस्पर काम केलं. हे प्रत्येक तारखेला जात. इस्त्रीचा शर्ट, पायात सेफ्टी बूट, आणि खिशात ती किल्ली. कंपनीच्या वकिलाने त्यांना एकदा विचारलं, "तुम्ही कुठल्या प्राणीमित्र संघटनेत आहात?" हे म्हणाले, "मला कुत्र्यांचीसुद्धा भीती वाटते." कोर्टात हशा पिकला. त्या हसणाऱ्यांत आमच्या कंपनीची माणसं होती, आणि माझ्या मनातून ती तेव्हाच उतरली.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या शिफ्टला एक प्रेस अडकला. दत्ताने स्विच बंद केला, स्वतःचं कुलूप घातलं, टॅग लावला आणि आत हात घातला. माल घ्यायला गाडी येऊन उभी होती. सुपरवायझरला वाटलं, दत्ता काम संपवून कुलूप काढायला विसरला असेल. आधी असं वाटलं असतं तरी त्याने कुलपाला हात लावला नसता. पण आता सगळ्या प्लांटला ठाऊक झालं होतं की कुलूप कापलं तर काही होत नाही. त्याने कापलं आणि बटण दाबलं. दत्ताचा उजवा पंजा गेला.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तर हे आधीच कॉटचा कठडा धरून उभे होते. दत्ता भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "साहेब, तुमचं कुलूप मीच कापलं. गुरुवारी ओव्हरटाइमला म्हणून बोलावलं, वरून कापा म्हणायले, मी ग्राइंडर लावला. पोपटाचा राग बी होता जरा." मग म्हणाला, "पिल्लं ओरडायलती आत. मशीनच्या आवाजात बी ऐकू यायलं."

यांनी एवढंच विचारलं, "दुखतंय का?"

मला वाटलं होतं, ते आता काहीतरी सुनावतील. माझ्याच जिभेवर किती काय आलं होतं. प्लांट हेडला त्या कॉटशेजारी आणून उभं करावं आणि विचारावं की हसा आता, असं वाटत होतं. त्या बिळावर घातलेलं कुलूप आणि दत्ताने घातलेलं कुलूप यांत काही फरक नव्हता. आत कोण आहे ते बघून, त्याची किंमत ठरवून मग कुलूप पाळायचं, असं एकदा सुरू झालं की आतल्या माणसाचीही किंमत ठरते. दत्ताची ठरली होती, बाहेर उभ्या असलेल्या त्या गाडीइतकीही नाही. अपघातानंतर कंपनीने त्याला गेटवर बसायचं काम दिलं आणि कोर्टाच्या भानगडीत पडू नको असं बजावलं.

मागच्या तारखेला मी रजा टाकून गेले होते. दत्ता साक्षीला उभा राहिला. चेहऱ्यावर घाम होता, पण आवाज ठीक होता. "कुलूप मी कापलं," तो म्हणाला. "प्लांट हेड साहेबांनी सांगितलं म्हणून कापलं. बीळ रिकामं नव्हतं. मला ऐकू येत होतं."

कंपनीचा वकील उठला. "त्या बिळात कुणी माणूस होता का?"

"नव्हता."

"मग जेसीबी चालवल्याने कुणाच्या जिवाला धोका होता?"

दत्ताने उजवा हात वर केला. पंजा नसलेला तो हात त्याने एरवी कायम रुमालाखाली झाकलेला असतो. "साहेब, माझ्या कुलपाच्या आत तर माणूसच होता," तो म्हणाला. "त्याचं काय झालं बघा की."

वकिलाने कागद खालीवर केले आणि पुढची तारीख मागून घेतली.

बाहेर व्हरांड्यात दत्ता यांच्यासमोर येऊन उभा राहिला. नोकरी आता राहणार नव्हती, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. "साहेब, दुसऱ्याचं कुलूप कापलं," तो म्हणाला. "नियमानं मला घरी जावं लागंल."

"तुमच्या वाटचं मी तेव्हाच गेलो," हे म्हणाले. समोर झाडाखाली काचा वर केलेल्या गाडीत प्लांट हेड फोनवर बोलत बसले होते. हे त्यांच्याकडे बोट दाखवून, कुणी ऐकेल याची पर्वा न करता मोठ्याने म्हणाले, "आता ते जातील. तोवर मी येत राहीन. कुलूप माझं होतं, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि मी अजून जिवंत आहे."

मग त्यांची नजर खाली दत्ताच्या पायांकडे गेली. दत्ता चपला घालून आला होता.

"पुढच्या तारखेला बूट घालून या," ते म्हणाले, आणि दोन पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाले, "बिननाडीचे मिळतात."